तिची मंडळी

मिरज स्टेशनपासून सांगलीच्या स्टँडपर्यंत
नऊ संडास.
त्यातले चार बायकांचे, दोनांनाच कडी.
मी भूगोल शिकवते, कुपवाडच्या शाळेत,
पण सहा वर्षं मला हा एकच नकाशा पाठ होता.
आठवी 'ब'ला कृष्णेच्या उपनद्या सांगायच्या,
वारणा, येरळा, अग्र—
आणि मध्येच खडू ठेवून पळायचं.
पोरं गुणी. मी परत येईपर्यंत
फळ्यावरची नदी कुणी पुसत नसे.

रक्त. गोळ्या. एनिमा. पुन्हा रक्त.
स्टिरॉइडनं तोंड टम्म फुगलं तव्यावरल्या भाकरीसारखं,
तर हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या,
मानवतंय हं तुला.

मग डॉक्टर रेंदाळकरांनी सांगितलं,
कुणाची तरी निरोगी विष्ठा घ्यायची,
मिठाच्या पाण्यात घुसळायची, गाळायची,
आणि नळीनं तुमच्या आतड्यात.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
नवऱ्याचं पोट तपासलं. नापास.
भावाचा गेल्याच महिन्यात अँटिबायोटिकचा कोर्स झालेला.
उरली प्रतिमा.

प्रतिमा म्हणजे जाऊ.
एका छपराखाली दोन चुली, अकरा वर्षं.
कारण आता दोघींनाही नीट आठवत नाही,
फ्रिजचं काहीतरी होतं.
तेव्हापासून माझं दही बिघडलं की
विरजणाला मी कोपऱ्यावरच्या डेअरीत जाते
आणि सकाळी तिची रवी
भिंतीपलीकडून ऐकते.

तिनं फॉर्म भरला. तीन पानं.
गोंदण आहे? आहे,
जतच्या जत्रेत आईनं काढून घेतलेलं, सातवीत असताना.
चालतंय?
चालतंय.
ठरल्या दिवशी साडेसहाला
डबा भडंगाच्या पिशवीत घालून ती रिक्षात बसली
आणि दवाखान्याच्या दारात पिशवी पुढं करून म्हणाली,
"घे. शिळं नाही."
आम्ही दोघी अशा हसलो
की आतून सिस्टर बघायला आली.

आठ आठवड्यांनी रिपोर्ट.
रंगीत पट्ट्यांचे दोन खांब.
पहिल्यात जवळजवळ एकच रंग,
महापूर ओसरल्यावर घाटावर उरतो तसा
नुसता तांबूस गाळ.
दुसऱ्यात दाटीवाटी:
फिकॅलिबॅक्टेरियम, रोझब्युरिया,
आणि कितीतरी ज्यांना अजून नावच नाही, नंबर आहे.
डॉक्टर पेनानं दाखवत होते,
हे तुमचे, हे त्यांचे,
आणि हे इथले कुणाचे, सांगता येत नाही.
नवे आलेत ते एक आम्ल करतात,
आतड्याचं अस्तर त्यावर जगतं.
त्याचं नाव म्हणे लोण्यावरून पडलंय.
लोण्यावरून!
मला दवाखान्यात बसून रवी ऐकू आली.

सगळंच काही बरं झालं नाही.
बाराव्या आठवड्यात तिची एक प्रजाती दिसेनाशी झाली.
रुजली नाही, म्हणाले. का, ते त्यांनाही माहीत नाही.
परवा पुन्हा रक्ताचा एक धागा दिसला,
अजून कुणाला सांगितलेला नाही.
पण दिवसाच्या सोळा खेपांच्या तीन झाल्यात,
अग्रणी आता अग्रणीपर्यंत पोचते,
आणि नऊपैकी दोन संडास कुठे होते
ते काल रिक्षात आठवेना.

संध्याकाळी प्रतिमा भिंतीवर टकटक करते.
"बरी आहेत का माझी?"
लेकरं होस्टेलला ठेवल्यासारखी.
मी म्हणते, आहेत.
काल अंबाडीची भाजी मागत होती.
"मागणारच."
मला अंबाडी जन्मात आवडली नाही.

घटकाभरानं दाराशी वाटी, वर झाकण,
झाकणाखाली लसणाची फोडणी.
कण्यांसकट सगळी खाल्ली.
वाटी घासून ओट्यावर पालथी घातलीय.
रिकामी परत द्यायची नसते,
एवढं माहीत आहे.